अब्बांचं घोरणं

आमच्या कराडच्या मोहल्ल्यात चोऱ्या होत नसत आणि त्याचं श्रेय लोक अब्बांना देत. अब्बा टेलर होते. दिवसभर मशीनवर वाकून बसायचे, इशाची नमाज झाली की जेवून ओट्यावर वाकळ टाकायचे आणि दहा मिनिटांत घोरायला लागायचे. गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाई. "दर्जीसाहेब जागेपणी पायानं मशीन चालवतात आणि झोपेत नाकानं," असं समोरचे किराणा दुकानदार म्हणायचे. अब्बाही हसायचे. घोरणं म्हणजे गाढ झोप आणि गाढ झोप म्हणजे मन साफ, असा आमच्याकडचा हिशेब होता. कष्टाची भाकरी खाणाऱ्याला झोपेच्या गोळ्या लागत नाहीत, हे तर अब्बाच सांगायचे.

पण मी त्यांच्या शेजारी झोपायचो, म्हणून मला दुसरीही एक गोष्ट ठाऊक होती. ते घोरणं चढत चढत जाई आणि एकदम थांबे. मग काहीच नाही. रातकिडे ऐकू यायचे, लांबच्या गिरणीचा आवाज ऐकू यायचा. अब्बांचं पोट मात्र खालीवर होत राही. आणि मग विहिरीत बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा मोठा आवाज करून ते श्वास घ्यायचे, कूस बदलायचे, पुन्हा घोरायला लागायचे. अम्मा अंधारात काहीतरी पुटपुटून त्यांच्यावर फुंकर मारायची. तिच्या मते रात्री अब्बांच्या छातीवर कुठली तरी बला येऊन बसत होती. त्यासाठी गळ्यात ताईत होता, दंडाला काळा दोरा होता, उशाशी दम केलेल्या पाण्याची बाटली होती. अम्माला मी आज हसत नाही. श्वास थांबतो हे तिनं पाहिलं होतं. पाहिलं ते बरोबर होतं, फक्त बलेचं नाव तिला माहीत नव्हतं. आणि ज्या डॉक्टरांकडे अब्बा सर्दी-खोकल्याला जायचे, त्यांनी तरी झोपेबद्दल कधी विचारलं होतं?

1987 च्या थंडीत एका पहाटे अब्बा झोपेतच गेले. वय 56. हार्टफेल झालं म्हणाले. कुणी काही तपासलं नाही, तशी पद्धतही नव्हती. त्या रात्रीबद्दल अम्मा कित्येक वर्षं काही बोलली नाही. मला माझा आजार कळला तेव्हा कुठे तिनं एक वाक्य सांगितलं. "घोरना रुक्या. मेरेकू लगा, अभी आएगी सांस." ती वाट बघत राहिली होती. वाट बघता बघता तिचा डोळा लागला होता.

अब्बा याच आजारानं गेले असं मी म्हणू शकत नाही. कुणीच म्हणू शकणार नाही. पण त्या वाक्यानंतर मी माझ्या झोपेकडे मस्करी म्हणून पाहिलं नाही.

चाळिशी उलटली आणि माझ्यावर झोपेचं आक्रमण सुरू झालं. मी हायस्कूलात मराठी शिकवायचो. दुपारच्या सुट्टीनंतरचा तास म्हणजे मला शिक्षाच. मुलाला धडा वाचायला उभं करायचो आणि त्याच्या तिसऱ्या वाक्याला माझी मान खाली. एकदा हातातला खडू पडला त्या आवाजानं मीच दचकून जागा झालो आणि सगळा वर्ग हसला. मुख्याध्यापकांनी मेमो दिला. "मास्तर, काल बिर्याणी जास्त झाली वाटतं," हा शिक्षक-खोलीतला ठरलेला विनोद होता. वर्षातून किती वेळा आमच्या घरी बिर्याणी शिजते हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

मशिदीत तर त्याहून पंचाईत. जुम्याचा खुत्बा सुरू झाला की मी खांबाला टेकायचो आणि संपायचो. टेकून झोप लागली म्हणजे वजू गेला, म्हणून लोकांच्या मांड्या ओलांडत पुन्हा हौदाकडे. मग मी टेकणं सोडलं, पुढच्या सफीत ताठ बसायला लागलो, तर शेजारच्याच्या खांद्यावर डोकं. एका रमजानात तरावीहच्या सजद्यातच मला झोप लागली. सफ उठून उभी राहिली, मी तसाच. मागची पोरं खुसखुसली. घरी येऊन मी बायकोवर चिडलो, कारण चिडायला दुसरं कुणी नव्हतं.

रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचो. साखर तपासली, प्रोस्टेट तपासलं, दोन्ही ठीक. ब्लडप्रेशरची एक गोळी होती, तिच्या दोन झाल्या, तीन झाल्या, तरी आकडा उतरेना. सकाळी डोकं दुखत उठायचो. घोरण्यासाठी म्हणून एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकाचं हाड वाकडं असल्याचं दाखवलं आणि ऑपरेशन करून ते सरळ केलं. नाक मोकळं झालं, घोरणं होतं तसंच राहिलं. ज्याला नाकाचाच अडथळा आहे त्याला अशा ऑपरेशनचा उपयोग होतही असेल. माझा अडथळा खाली घशात होता आणि तो फक्त झोपेतच तयार होत होता. जागेपणी तपासून तो दिसणार कसा?

शेवटी 2011 साली साताऱ्याच्या एका फिजिशियननी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची यादी बघितली, टेप घेऊन माझी मान मोजली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या." मान 17 इंचांच्या वर होती. पुरुषाची मान एवढी जाड असली की डॉक्टरांना शंका येते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी एक कागद दिला. त्यावर आठ प्रश्न. वाचत बसल्यावर झोप लागते का, टीव्ही बघताना लागते का, तासभर गाडीत बसल्यावर, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलताना, रहदारीत गाडी थांबली असताना, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स नावाच्या डॉक्टरांनी 1991 मध्ये हा कागद तयार केला. दहाच्या वर मार्क गेले तर तपासायला हवं. मी स्वतःला 17 दिले. बायकोनं कागद ओढून घेतला, चार ठिकाणी खाडाखोड केली आणि 21 केले. शिक्षकाचा पेपर असा आयुष्यात पहिल्यांदाच तपासला गेला.

मग डॉक्टरांनी तिला विचारलं, "यांचा श्वास झोपेत थांबतो का?" आणि ती रडायलाच लागली. अकरा वर्षं ती हे बघत होती. सुरुवातीला मला सांगितलंही होतं आणि मी म्हटलं होतं, "तुला स्वप्न पडलं असेल." त्यानंतर तिनं सांगणं सोडलं. पण बघणं सोडलं नव्हतं. उशाखाली तसबीह ठेवायची. श्वास थांबला की एकेक मणी पुढे सरकवायची. तेहतीस मण्यांच्या आत श्वास आला तर ठीक. तेहतीसच्या पलीकडे गेला तर मला हलवायचं. असा तिचा नियम होता. अकरा वर्षं ही बाई नीट झोपलेली नव्हती आणि दिवसा जांभया मी देत होतो!

पुण्याला एका दवाखान्यात रात्रीची तपासणी झाली. डोक्याला, कपाळाला, हनुवटीला, पायांना लेप लावून तारा चिकटवल्या, नाकाशी नळी, छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. आरशात बघितलं तर लग्नातला सेहरा बांधल्यासारखा दिसत होतो. एवढ्या तारांत झोप कशी येणार असं मी त्या मुलाला विचारतोय तोवर, तो सांगतो, मी झोपलो होतो.

रिपोर्टात होतं ते असं. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबला की त्याला एक अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास पुरता न थांबता उथळ झाला आणि त्यानं ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली, तर तेही मोजतात. तासाला पाचपर्यंत चालतं. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. माझा आकडा 46 होता. सगळ्यात लांब थांबा 68 सेकंदांचा. ऑक्सिजन 71 पर्यंत उतरलेला. म्हणजे बायकोच्या तसबीहची दोन आवर्तनं पुरी होऊन वर दोन मणी.

डॉक्टरांनी कागदावर घसा काढून दाखवला. झोपेत सगळे स्नायू सैल पडतात. जीभ मागे जाते, पडजिभेच्या आजूबाजूचा मऊ भाग लोंबतो आणि हवेची वाट बंद होते. छाती-पोट हवा ओढत राहतात, पण दार बंद. रक्तातला ऑक्सिजन घसरतो तसा मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागा करतो. घसा ताठ होतो, मोठ्या आवाजानं हवा आत जाते. माणसाला यातलं काही आठवत नाही. रात्रभरात शेकडो वेळा हे झालं तर त्याला झोप म्हणायचं कशाला? प्रत्येक वेळी हृदयावर ताण येतो, रक्तदाब उसळतो. ताणलेल्या हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि त्यानं लघवी जास्त तयार होते. माझ्या चार फेऱ्यांचं मूळ तिथं होतं. दुसराही एक प्रकार असतो, त्यात वाट उघडी असते पण मेंदूच श्वासाचा हुकूम देत नाही. तो वेगळा आजार. रात्रीच्या तपासणीत दोन्हींतला फरक कळतो, कारण पट्टे छाती हलतेय की नाही हे सांगतात. लहानपणी मी अब्बांचं पोट हलताना बघायचो ते आठवलं.

हा आजार काही नवा नाही. चार्ल्स डिकन्सनं 1836-37 मध्ये लिहिलेल्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा लठ्ठ पोरगा आहे, तो उभ्या उभ्या झोपतो. त्याच्यावरून 1956 साली डॉक्टरांनी एका आजाराला नाव दिलं. पण उपाय काय, तर गळ्याला भोक पाडायचं. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवायची युक्ती छापून आणली. तेच सीपॅप मशीन.

मला 11 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाचं मशीन लागलं. 45 हजार रुपये. भविष्य निर्वाह निधीतून काढले. लोकांना वाटतं ते ऑक्सिजनचं मशीन आहे. तसं नाही. खोलीतलीच हवा ते दाबानं आत सोडतं. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती जशी चपटी होत नाही, तसा घसा मिटत नाही. पण मोहल्ल्यात बातमी फिरली, "मास्तरला ऑक्सिजन लागला." बायका फळं घेऊन भेटायला यायला लागल्या. त्याच वर्षी मुलीचं बघायचं चाललं होतं. एका घरून निरोप आला की वडिलांचं दुखणं वंशाचं तर नाही ना? मी खरं तेच सांगितलं, की जबड्याची, गळ्याची ठेवण घराण्यात येते, त्यामुळे काही अंशी आहे. ते स्थळ गेलं. दुसरं आलं, चांगलं आलं.

पहिली रात्र सांगण्यासारखी आहे. कित्येक वर्षांनी मला स्वप्नं पडली, एकामागून एक, रंगीत. डॉक्टर म्हणाले, उपाशी माणसाला ताट मिळावं तसं असतं ते, राहिलेली झोप मेंदू वसूल करतो. अजानच्या आधी मी आपोआप उठलो. रात्रीत एकदाही लघवीला गेलो नव्हतो. बायको मात्र जागीच होती. आवाज नाही म्हणून तिला झोप नव्हती.

पुढचा महिना तेवढाच वाईट गेला. मास्क झोपेत उपटून फेकायचो. नाक कोरडं पडायचं, गालावर वळ उठायचे. त्यात माझी दाढी. तोंड-नाक झाकणारा मास्क दाढीवर बसेना, फटीतून हवा डोळ्यात जायची. दुकानदार म्हणाला, दाढी काढा. मी म्हटलं, मास्क बदला. शेवटी फक्त नाकपुड्यांत बसणारा लहान मास्क मिळाला, तो आजही वापरतो. भारनियमनाचे दिवस होते ते. रात्री वीज गेली की दाब गेला, की मी गुदमरून उठायचो. इन्व्हर्टर घेतला तेव्हा घर शांत झालं. अब्बांचं जुनं शिलाई मशीनही एकदा कामाला आलं. उताणं झोपलं की त्रास वाढतो, म्हणून बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घातला. उजव्या कुशीवर झोपायची शिकवण आपल्याला लहानपणापासूनच असते, पण झोपेत कुणाला आठवतं? ज्यांचा आजार सौम्य आहे त्यांचं चेंडूवर भागतंही. माझा आकडा मोठा, माझं भागलं नाही. वजन बारा किलो उतरवलं, त्यानं दाब 11 वरून 9 वर आला. मशीन सुटलं नाही. आता टिरझेपटाइड नावाचं वजन उतरवणारं इंजेक्शन निघालंय. अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये लठ्ठ माणसांच्या या आजारासाठी त्याला परवानगी मिळाली. मित्र विचारतात. मी सांगतो, डॉक्टरांना विचारा, आणि किंमतही विचारा.

रमजानची घडी बसवायला मला तीन वर्षं लागली. तरावीहनंतर झोपायला साडेअकरा, सहरीला चारला उठायचं. फजरनंतर जी झोप लागते ती मी मास्कशिवाय घ्यायचो, म्हटलं दोनच तासांचा प्रश्न. चूक तीच होती. पहाटेच्या त्या झोपेत स्वप्नांचा भाग जास्त असतो, तेव्हा स्नायू सगळ्यात सैल असतात आणि आजाराचा जोर तिथंच वाढतो. मशीनला हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी असते. रोज्यात तिचं काय? आमच्या इमामसाहेबांना मशीनच नेऊन दाखवलं. ते म्हणाले, हवा ती हवाच, पण मनात शंका राहत असेल तर फजरनंतर टाकी काढून ठेवा. तसं करतो. नाक थोडं कोरडं होतं, चालतं.

आपाबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण लिहायला हवं. आपा माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तीही घोरते. पुरुषाच्या घोरण्यावर विनोद होतात, बाईच्या घोरण्यावर चर्चा होत नाही, ते झाकलं जातं. ती थकवा थकवा म्हणायची. कुणी रक्त कमी म्हटलं, कुणी थायरॉइड, सून म्हणाली आळस. पाळी गेल्यावर बायकांत हा आजार वाढतो, आणि कधी कधी त्या मोठ्यानं घोरतही नाहीत, नुसती झोप लागत नाही, डोकं दुखतं, मन उदास राहतं म्हणतात. माझ्यामुळे तिची तपासणी झाली. आकडा 22. "इतनी उमर निकल गई," एवढंच म्हणाली.

राहिला धाकटा भाऊ, आणि खरं म्हणजे लेख लिहायला बसलो तो त्याच्यासाठी. त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. रात्री भाजीपाला भरून वाशी मार्केटला न्यायचा, पहाटे खाली करायचा, दुपारी परत. मान माझ्याहून जाड. दहा वर्षं मी त्याच्या मागे होतो. "भाई, मेरेकू कुछ नहीं हुआ. गाडी पे कभी झपकी नहीं आई." भीती मला कळत होती. मशीन लागलं असं मार्केटात कळलं तर भाडं कोण देणार? लायसन्सचं काय? खंबाटकी घाटात एकदा क्लीनर पोरानं स्टिअरिंग ओढलं म्हणून गाडी कठड्यावरून वाचली, हे मला त्या पोरानं सांगितलं. भावानं सांगितलं नाही.

2022 च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले. भाऊ त्यांचा वेडा, टेम्पोत त्यांचीच गाणी. दवाखान्याच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण सांगितलं त्यात याच आजाराचं नाव होतं. भावाचा फोन आला. "भाई, तुमारीच बीमारी थी क्या उनको?" मी हो म्हटलं. तो गप्प झाला. मला वाटलं, आता तयार होईल. झाला नाही.

त्याच वर्षी बकरी ईदला सगळे घरी जमले. रात्री तो हॉलमध्ये सतरंजीवर झोपला. मी पाणी प्यायला उठलो आणि तिथंच थांबलो. घोरणं चढत गेलं, थांबलं. मी बोटांवर मोजायला लागलो. वीस. तीस. चाळीस. पोट हलतंय, आवाज नाही. मागे बायको तसबीह घेऊन उभी होती, तिचा हात आपोआप चालू होता. माझ्या मुलीनं मोबाइल काढला आणि पाच मिनिटं तसंच चित्रीकरण केलं.

सकाळी चहा पिताना तिनं काकाच्या हातात मोबाइल दिला. आधी तो हसला. मग हसणं गेलं. 1987 मध्ये तो अठरा वर्षांचा होता, ओट्यावर अब्बांच्या दुसऱ्या बाजूला झोपायचा. त्यानं ते पुन्हा सुरुवातीपासून लावलं. म्हणाला, "ये तो अब्बा है."

त्या आठवड्यापासून त्यानं रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या, ओळखीच्या एका पोराला गाडीवर ठेवलं. घरी नेता येणारं तपासणीचं यंत्र आता मिळतं, तारा कमी, खर्च कमी. त्यानं तपासणी केली. आकडा 61. उपचार सुरू होऊन डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत चार महिने त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही. त्या चार महिन्यांचे हप्ते आम्ही तिघा भावंडांनी मिळून भरले. मार्केटात त्यानं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. दोन भाडी गेली. दोन ड्रायव्हर मात्र माझा पत्ता विचारत कराडला आले.

मशीन आलं त्या रात्री मी त्याच्याकडेच मुक्कामाला होतो. अम्मा त्याच्याकडेच असते, पंच्याऐंशीच्या घरात आहे. तो मास्क लावून झोपला. घरभर फक्त मशीनची बारीक घरघर. बाराच्या सुमाराला अम्मा भिंत धरत धरत आली. त्याच्या उशाशी बसली. कान दिला. तिला काही ऐकू येईना. "सांस ले रहा है ना?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "ले रहा है, अम्मा." तिचा विश्वास बसला नाही.

मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं असतात, सोडलेला श्वास तिथून बाहेर पडतो. मी तिचा हात धरून तळवा त्या भोकांसमोर नेला. हवा लागली. थांबली. पुन्हा लागली. तिनं हात तसाच धरून ठेवला, बराच वेळ. मग म्हणाली, "आ रही है," आणि भिंत धरत आपल्या खोलीत झोपायला गेली.